डोक्याच्या मापाची यंत्रे

ईईजी काढायला जाणाऱ्याला आपल्याकडे आदल्या दिवशी हमखास सांगितले जाते : केस धुवून या, तेल लावू नका. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आधी मोजपट्टी काढतो. नाकाच्या मुळापासून डोक्यावरून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर घेतो, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे. या अंतरांच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा करतो, प्रत्येक खुणेवरचे केस फाकवतो, तेवढी त्वचा खरखरीत जेलने घासतो आणि पेस्टच्या गोळ्यावर धातूची चकती बसवतो. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही १०-२० पद्धत आजही जगभर वापरात आहे. सेंटिमीटरऐवजी टक्के वापरणे ही तिची खरी हुशारी. दोन वर्षांचे मूल असो की थोराड माणूस, खूण ज्याच्या-त्याच्या डोक्याच्या मापाने पडते.

मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रांबद्दल लिहिताना चुंबकाची ताकद, चॅनेलची संख्या, संगणकाचा वेग यांची चर्चा होते. डोक्यावर प्रत्यक्ष जी वस्तू बसते, त्या टोपीला, पट्ट्याला, शिरस्त्राणाला संशोधन-निबंधात बहुधा एका वाक्याची जागा मिळते. गेल्या दहा-पंधरा वर्षांचे काम पाहिले की माझे मत पक्के होते : ही वस्तू मोजमापाचाच भाग आहे. ती कोणाच्या डोक्यावर नीट बसते आणि कोणाच्या नाही, यावरून कोणाच्या मेंदूबद्दल आपल्याला माहिती मिळते हे ठरत आले आहे. म्हणून माणसाच्या मापाने बेतलेल्या या उपकरणांचा आढावा घेताना प्रश्न दोनच धरले आहेत. बेतल्यामुळे मोजणी किती सुधारली? आणि कोणकोण मोजणीच्या आत आले?

हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना इथे माणसाच्या मेंदूचे पहिले विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, घेतले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक दशके एकेक चकती हातानेच चिकटवली जात होती. इलेक्ट्रोड आधीच शिवून टाकलेल्या ताणल्या जाणाऱ्या कापडी टोप्या आल्या आणि तासाभराचे काम बरेच आटोपते झाले. १९९३ मध्ये डॉन टकर यांनी जिओडेसिक जाळे मांडले. लवचीक दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेले इलेक्ट्रोड, प्रत्येकाच्या टोकाला मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज. जाळे ताणून डोक्यावर सोडले की ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि त्वचा घासावी लागत नाही. तान्ह्या मुलांवरच्या संशोधनाला या जाळ्याने मोठी गती दिली, कारण रडणाऱ्या बाळाचे डोके घासत बसणे कोणालाच जमत नाही. पण स्पंज वाळत जातो, तसा सिग्नलही ढासळतो. दाट, कुरळ्या केसांत तो त्वचेपर्यंत पोचतच नाही. या मुद्द्याकडे पुढे यायचे आहे.

बेतीव शिरस्त्राणांची सर्वांत रंजक कथा चुंबकीय मोजणीची, म्हणजे एमईजीची आहे. चेतापेशींमधून प्रवाह वाहतो तेव्हा डोक्याबाहेर अतिशय क्षीण चुंबकक्षेत्र तयार होते. ते साधारण १०० फेम्टोटेस्ला असते आणि पृथ्वीचे क्षेत्र त्याच्या चाळीस-पन्नास कोटी पट. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने मेंदूचे हे क्षेत्र पहिल्यांदा टिपले, आणि १९७२ मध्ये अतिसंवाहक स्क्विड संवेदक वापरून ते स्वच्छ स्वरूपात दाखवले. स्क्विडला द्रवरूप हेलियम लागतो, उणे २६९ अंश सेल्सिअसचा. म्हणून संवेदक एका भल्यामोठ्या निर्वात पात्रात बसवतात. या पात्राच्या तळाला डोके घालायला खोबण असते. खोबण एकाच मापाची, मोठ्या माणसाच्या डोक्याला पुरेल अशी. थंडीपासून डोके वाचवण्यासाठी मध्ये निर्वात पोकळी हवीच, त्यामुळे संवेदक त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब राहतात. क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने विरते, तेव्हा एवढे अंतरही फार महाग पडते.

आता या खोबणीत पाच वर्षांच्या मुलाचे डोके घाला. पुढचा भाग टेकवला तर मागे मोठी पोकळी उरते, मागचा टेकवला तर पुढे. मूल हलले की संवेदकाखालचा मेंदूच बदलतो. अपस्माराचे निदान, बोलायला उशीर, स्वमग्नता या प्रश्नांसाठी एमईजी अत्यंत मोलाचे ठरले असते. पण ज्यांना त्याची गरज सर्वाधिक, ती लहान मुले आणि स्थिर बसू न शकणारे रुग्णच या यंत्राला सर्वांत कमी मानवतात. यंत्राच्या रचनेनेच त्यांना बाहेर ठेवले होते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गॅरेथ बार्न्स यांच्या गटाने यावर मधला उपाय काढला. माणसाचा एमआरआय घ्यायचा, त्यावरून डोक्याची हुबेहूब प्रतिकृती थ्रीडी छपाईने करायची, आणि प्रतिकृती व यंत्राची खोबण यांच्यामधली जागा फोमने भरून साचा तयार करायचा. तो साचा घालून माणूस यंत्रात बसला की डोके जागेवर अडकते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात हालचाल मिलिमीटरच्या आत आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी केली तरी डोके त्याच ठिकाणी बसले. मेंदूच्या सालीच्या वरच्या आणि खालच्या थरांतले फरक शोधण्याचा विचार या अचूकतेमुळे करता येऊ लागला. किंमतही चुकवावी लागते. प्रत्येक माणसाचा साचा वेगळा, आणि तो घालून हलता येत नाही. स्वेच्छेने आलेल्या सुदृढ प्रौढाला हे चालते. घाबरलेल्या मुलाला असे जखडून ठेवण्याची कल्पनाही करवत नाही.

खरा फरक पडला तो संवेदकच बदलल्यावर. काचेच्या इवल्याशा कुपीत रुबिडियमची वाफ भरायची, तिच्यातून लेसरचा किरण सोडायचा, आणि अणूंच्या फिरकीवर बाहेरच्या क्षेत्राचा जो परिणाम होतो तो प्रकाशाच्या बदलावरून वाचायचा. प्रिन्स्टनमधील मायकेल रोमालिस यांच्या गटाने २००२-०३ च्या सुमारास या तत्त्वाची संवेदनक्षमता स्क्विडच्या तोडीला आणून दाखवली. पुढे अमेरिकेतील क्वस्पिन कंपनीने असे संवेदक बोटाच्या पेराएवढे करून बाजारात आणले. त्यांना ओपीएम म्हणतात. हेलियम नको, निर्वात पात्र नको. संवेदक सरळ टाळूवर ठेवता येतो. त्यातली वाफेची कुपी त्वचेपासून जेमतेम सहा-सात मिलिमीटरवर येते.

टाळूवर ठेवता येतो, पण ठेवायचा कशात? इथे नॉटिंगहॅम विद्यापीठातील मॅथ्यू ब्रूक्स आणि लंडनमधील बार्न्स यांच्या गटांचे २०१८ चे काम येते. 'नेचर'मध्ये छापलेल्या त्या लेखातले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल : चेहराही झाकणारा पांढरा मुखवटा आणि त्यातून बाहेर डोकावणारे संवेदक. ते शिरस्त्राण एकाच व्यक्तीच्या एमआरआयवरून थ्रीडी छपाईने केले होते, वजन ९०५ ग्रॅम. संवेदक फक्त १३, तेही मेंदूच्या एकाच भागावर. तरीही ते घालून ती व्यक्ती मान डोलवत होती, चहा पीत होती, बॅटने चेंडू उडवत होती आणि मोजणी चालू होती. मेंदूच्या चुंबकीय मोजणीच्या पन्नास वर्षांत प्रथमच डोक्याला हलण्याची मोकळीक मिळाली.

या मोकळिकीमागची अडचण समजून घेण्यासारखी आहे. कवच असलेल्या खोलीतही पृथ्वीच्या क्षेत्राचा थोडा अंश उरतोच, काही नॅनोटेस्ला ते काही दशक नॅनोटेस्ला. डोके वळले की संवेदकाची दिशा बदलते, आणि त्या उरलेल्या क्षेत्राचे मोजमापही बदलते. दहा नॅनोटेस्लाचे क्षेत्र मेंदूच्या सिग्नलच्या लाख पट आहे. म्हणजे जरा मान वळली की मेंदूचा आवाज पार बुडाला. शिवाय हे संवेदक शून्याजवळच्या क्षेत्रातच काम करतात. म्हणून या गटांनी माणसाच्या दोन्ही बाजूंना सपाट फळ्या उभ्या केल्या आणि त्यांवर तारांची खास आखलेली वेटोळी बसवली. त्यांच्यातून प्रवाह सोडून मधल्या साधारण ४० सेंटिमीटर घनाकार जागेतले क्षेत्र जवळपास शून्यावर आणले. डोके त्या जागेत आहे तोवर मोकळे. पुढच्या कामात ही जागा वाढवत नेली. दोन माणसे एकमेकांशी खेळत असताना दोघांच्याही मेंदूंची मोजणी करण्यापर्यंत हे तंत्र पोचले आहे. परिधानयोग्य हा शब्द शिरस्त्राणाला लावतात, पण त्या व्यवस्थेचा अर्धा भाग असा शेजारच्या फळ्यांवर असतो.

मग २०१९ मध्ये त्याच नॉटिंगहॅम गटाने मला विशेष आवडलेली गोष्ट केली. मुलांसाठी त्यांनी नवे काही शिल्प घडवले नाही. सायकल चालवताना घालतात ते शिरस्त्राण घेतले, त्यात संवेदकांसाठी खोबणी केल्या आणि ते दोन व पाच वर्षांच्या मुलांना घातले. आई मुलाच्या हातावर स्पर्श करत राहिली आणि त्या स्पर्शाला मेंदूने दिलेला प्रतिसाद टिपला गेला. मुलाला ही वस्तू ओळखीची, घालायची सवय असलेली. त्याच लेखात एक तरुणी युकुलेले वाजवायला शिकत असतानाची मोजणीही आहे. एमआरआयवरून कोरलेल्या मुखवट्यापेक्षा या साध्या शिरस्त्राणाने मुलांसाठी अधिक वाट मोकळी केली, असे मी म्हणेन.

पण दर माणसामागे एक शिरस्त्राण हे परवडणारे नाही, आणि दोन-चार मापांत सगळी डोकी बसवणे अचूक नाही. हा पेच या क्षेत्रात अजून सुटलेला नाही. कडक शिरस्त्राणाचा मोठा फायदा हा की प्रत्येक संवेदक कुठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे संगणकातल्या आराखड्यातूनच कळते. चुंबकीय मोजणीतून मेंदूतली नेमकी जागा काढताना ही माहिती मिलिमीटरमध्ये लागते. ईईजीच्या टोपीसारखी मऊ टोपी घातली तर संवेदक त्वचेला अधिक चिकटून बसतात, माणसाला आराम मिळतो, टोपी हलकी असते. मात्र प्रत्येक वेळी प्रत्येक संवेदकाची जागा नव्याने मोजावी लागते, आणि चालताना ते एकमेकांच्या संदर्भात हलतात. नॉटिंगहॅमच्या गटाने २०२० मध्ये दोन्हींची थेट तुलना केली. आलेख दोन्हींतून चांगले आले. जागेच्या अचूकतेत आणि मजबुतीत कडक शिरस्त्राण सरस ठरले. ब्रसेल्सच्या गटाने मात्र २०२२ मध्ये अपस्माराच्या शाळकरी मुलांवर लवचीक टोपी वापरली. दोन झटक्यांच्या मधल्या काळात उमटणारे अणकुचीदार सिग्नल हेलियमच्या यंत्रापेक्षा दुपटीहून अधिक उंच मिळाले. मुले फक्त पाच होती, पण प्रत्येकात हाच कल दिसला. रुग्णालयात, जिथे निदान हवे आणि मूल शांत राहायला हवे, तिथे मऊ टोपीच बरी, असे मला या पुराव्यावरून वाटते. मेंदूच्या सालीतले बारकावे शोधणाऱ्या प्रयोगशाळेने कडक शिरस्त्राणाचा खर्च जरूर करावा.

असे शिरस्त्राण कसे होते, ते थोडे जवळून पाहू. एमआरआयमधून किंवा डोक्याभोवती फिरवलेल्या प्रकाश-स्कॅनरमधून टाळूचा पृष्ठभाग संगणकात येतो. केस असल्यामुळे स्कॅनर फसतो, म्हणून ते आवळून बसवणारी पोहण्याची टोपी आधी घालतात. पृष्ठभागापासून काही मिलिमीटर बाहेर दुसरा पृष्ठभाग काढतात. त्यावर संवेदकांच्या खोबणी काटकोनात बसवतात. दोन खोबणी फार जवळ आल्या तर एका संवेदकातल्या वेटोळ्याचे क्षेत्र शेजारच्याला बिघडवते, म्हणून अंतर राखतात. मधली भिंत भरीव न ठेवता जाळीची करतात, कारण रुबिडियमची कुपी आत साधारण दीडशे अंशांपर्यंत तापलेली असते. कुपीभोवती उष्णतारोधक आवरण असले तरी संवेदकाचा बाह्यभाग कोमट लागतो. पन्नास-साठ संवेदक एकत्र आले की डोक्यावर घाम येतो. जाळीतून हवा खेळते आणि वजनही उतरते. मग नायलॉनच्या भुकटीवर लेसर फिरवून थर थर वितळवत छपाई होते. लोखंडी खिळा, स्प्रिंग, चुंबकीय अंश असलेला रंग काहीही चालत नाही. प्रत्येक स्क्रू प्लॅस्टिकचा किंवा पितळेचा, आणि तोही आधी संवेदकाजवळ नेऊन तपासलेला.

यानंतरच्या अडचणी आराखड्यात दिसत नाहीत. कानशिलावरचा संवेदक धमनीवर दाबला गेला तर आलेखात नाडी उमटते. माणूस काही चावू लागला की कानशिलाचा स्नायू फुगतो आणि शिरस्त्राण उचलले जाते. हनुवटीचा पट्टा घट्ट केला तर जबडा हलताच सगळेच हलते. केबल मागे एका जागी बांधली नाही तर तिचे वजन मानेला ओढते, आणि अर्ध्या तासात लक्ष प्रयोगावरून मानेवर जाते. या गोष्टी टोपी चढवणाऱ्या माणसाला ठाऊक असतात. प्रयोगशाळांनी त्यांची नोंद ठेवायला हवी, ती क्वचितच ठेवली जाते. फ्रान्समधील मॅगफॉरहेल्थ कंपनी रुबिडियमऐवजी हेलियमच्या अणूंवर चालणारे संवेदक करते. ते तापवावे लागत नाहीत. घामाचा प्रश्न तिथे मिटतो, पण संवेदक आकाराने मोठे असतात.

एमआरआयमध्ये बेतीव उपकरणाचा उद्देश उलटा असतो : डोके हलू नये. फंक्शनल एमआरआयमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी हालचालही खोटे संबंध उभे करते, हे जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, तेव्हा या क्षेत्राला हादरा बसला. मुले प्रौढांपेक्षा अधिक हलतात. म्हणून वयानुसार मेंदूत फरक दिसला, असे म्हणणारे काही निष्कर्ष प्रत्यक्षात हालचालीतले फरक असू शकत होते. उपाय म्हणून डोक्याच्या मापाने फोममध्ये कोरलेले साचे आले. माणूस त्यात डोके ठेवून झोपतो, दुसरा तुकडा वरून बसतो. पॉवर यांच्याच गटाने २०१९ मध्ये नोंदवले की विश्रांत अवस्थेतल्या स्कॅनमध्ये अशा साच्यांनी हालचाल कमी होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने चित्रफीत पाहणाऱ्या आणि बोलणाऱ्या माणसांवर तसेच साचे तपासले. उपयोग मर्यादित निघाला. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की विरोध राहत नाही. गप्प पडून राहणाऱ्याला साचा आधार देतो. बोलणाऱ्याचा जबडा साच्यावर रेटतो आणि डोक्याला उलट ढकलतो. म्हणून 'बेतलेले म्हणजे उत्तम' असे सरसकट मानता येत नाही. उपकरण डोक्याला बेतावे तसे कामालाही बेतावे लागते.

पीईटीमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य वापरून मेंदूचे रसायन मोजणाऱ्या तंत्रात, उपकरण डोक्याला बेतण्याचा विचार तुलनेने नवा आहे. अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने उंदराच्या डोक्याभोवती बसणारे छोटे पीईटी कडे केले. त्यामुळे जागा असलेल्या, हिंडणाऱ्या उंदराच्या मेंदूतील डोपामिनबद्दल २०११ मध्ये मोजणी प्रसिद्ध झाली. तोवर प्राण्यांना भूल द्यावी लागे, आणि भुलीनेच मेंदूचे रसायन बदलते. माणसासाठी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात असे शिरस्त्राण विकसित होत आले आहे. वजन हीच तिथली मुख्य अडचण.

प्रकाशाने मोजणी करणारे एफनिर्स हे तंत्र मला या सगळ्यात सर्वाधिक लोकाभिमुख वाटते. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये त्याचा पाया घातला. लालसर आणि अवरक्त प्रकाश कवटीतून आत जातो, रक्तातल्या प्राणवायूनुसार शोषला जातो, आणि साधारण तीन सेंटिमीटरवर ठेवलेल्या शोधकाकडे त्याचा अगदी थोडा अंश परततो. यंत्र स्वस्त, हलके, पिशवीत मावणारे. म्हणूनच ते प्रयोगशाळेबाहेर पडू शकले. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशात केनेबा या खेड्यात सॅरा लॉईड-फॉक्स आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांवर हे तंत्र वापरले. २०१४ मध्ये त्यांचा पहिला लेख आला. आपल्या उत्तर प्रदेशात शिवगड परिसरात जॉन स्पेन्सर यांच्या गटाने भारतीय सहकाऱ्यांसह लहान मुलांची दृश्य स्मृती तपासली आणि गरिबी, आईचे शिक्षण यांच्याशी तिचे नाते २०१९ मध्ये मांडले. असा अभ्यास करायला बाळाचे डोके वाढते हे लक्षात ठेवावे लागते. जन्मताना घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर, वर्षाचे होईतो ४५-४६. एकाच बाळाला चार-चार वेळा भेटणाऱ्या अभ्यासात दर भेटीला पट्ट्याचे माप वेगळे, आणि तरी प्रकाशाचे टोक मेंदूच्या त्याच भागावर यायला हवे.

बोस्टन विद्यापीठातल्या गटाने यासाठी निंजाकॅप नावाची टोपी खुली करून दिली. निंजाफ्लेक्स या रबरासारख्या ताणणाऱ्या प्लॅस्टिकची ही षटकोनी जाळी. डोक्याचा घेर आणि कोणता संवेदक कुठे हवा हे सांगितले की संगणक जाळी सपाट तुकड्यांत उलगडतो, साधे थ्रीडी छपाईयंत्र तिचे तुकडे छापते, आणि ते जोडले की टोपी उभी राहते. जाळी ताणली तरी अंतरे प्रमाणात राहावीत असा तिचा हिशेब आहे. जॅस्पर यांच्या टक्क्यांचा विचार इथे प्लॅस्टिकमध्ये उतरला आहे. पूर्ण बेतीव आणि तयार मापाची यांच्यामधली ही वाट मला सर्वांत शहाणी वाटते, कारण ती हजारो डोक्यांपर्यंत जाऊ शकते.

आणि आता केसांकडे. प्रकाशाच्या मोजणीत काळे, दाट केस प्रकाश खाऊन टाकतात, त्वचेतले रंगद्रव्यही. ईईजीत चकती त्वचेला टेकली नाही तर आलेख मिळतच नाही. युरोप-अमेरिकेत तयार झालेल्या टोप्या तिथल्या सरळ, पातळ केसांच्या माणसांवर तपासल्या गेल्या. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे गुंतलेले, कुरळे केस टोपी वर उचलतात. त्यांचा डेटा खराब म्हणून टाकला जायचा, किंवा त्यांना बोलावलेच जायचे नाही. आर्नेल एटिएन ही कार्नेगी मेलन विद्यापीठातली विद्यार्थिनी. तिने पुलकित ग्रोवर यांच्या प्रयोगशाळेत सेवो नावाचे इलेक्ट्रोड विकसित केले. केस टाळूलगत बारीक वेण्यांत विणायचे, तेही १०-२० पद्धतीच्या रेषा मोकळ्या राहतील असे. मग वेण्यांनाच पकड देऊन इलेक्ट्रोड दोन वेण्यांमधल्या त्वचेवर दाबून धरायचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्वचेशी संपर्क नेहमीच्या इलेक्ट्रोडपेक्षा बराच सुधारला होता. जे केस अडथळा समजले जात होते, त्यांचाच तिने आधार केला. या साऱ्या क्षेत्रातले मला सर्वांत भावलेले काम हे आहे. २०२२ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये वेब, एटर आणि क्वासा यांनी मेंदूविज्ञानाच्या साधनांतील या पक्षपातावर सविस्तर लिहिले. त्यानंतर निदान चर्चा तरी उघडपणे होऊ लागली.

भारतीय डोक्याचा विचार अजून कोणी एवढ्या बारकाईने केलेला दिसत नाही. आपल्याकडच्या स्त्रियांचे केस लांब, दाट, तेल लावलेले. अंबाडा नेमका डोक्यामागच्या उंचवट्यावर येतो, दृष्टीशी संबंधित इलेक्ट्रोड जिथे बसवायचे तिथेच. वेणी सोडून केस दोन बाजूंना पुढे घेतले तर टोपी बसते, पण ते सांगणारे कोणी नसले तर तंत्रज्ञ टोपी वर ढकलतो आणि सगळ्या खुणा सरकतात. शीख माणसाच्या पगडीचा, लांब केसांच्या गाठीचा प्रश्न आहेच. चुंबकीय मोजणीत केसांच्या पिना, जोडवी, मंगळसूत्र काढावे लागते. डोळ्यांच्या काही प्रसाधनांत लोहाचे ऑक्साइड असते, तेही आलेखात दिसते. मंगळसूत्र काढायला सांगताना कोण सांगते, कोणत्या खोलीत, कोणाच्या हाती ठेवते, यावर काही बायका अभ्यासात राहतात किंवा घरी जातात. हे उपकरणाच्या रचनेत येत नाही असे म्हणणे चूक आहे.

आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्समध्ये एमईजी केंद्र आहे. तमिळनाडूतल्या खेड्यापाड्यांत तारा त्यागराजन यांच्या सेपियन लॅब्जने बिनतारी ईईजी संच घालून शेकडो माणसांची मोजणी केली आणि लोकांच्या राहणीमानानुसार मेंदूतील अल्फा लहरी बदलतात असा दावा मांडला. तो दावा तपासायला हवा. पण विद्यापीठाच्या आवारातल्या विद्यार्थ्यांखेरीज इतरांच्या डोक्यापर्यंत यंत्र नेण्याचे धाडस मोठे. हे शक्य झाले ते टोपी हलकी आणि कोरडी-निमओली असल्यामुळेच. उन्हाळ्यातल्या घामाने टोपीखाली खारट पाण्याचे पूल तयार होतात आणि शेजारचे दोन इलेक्ट्रोड एकच होऊन जातात. यावरचा उपाय इथल्या हवेतच शोधावा लागेल.

हेलियममुक्त एमईजीची किंमत उतरायला काही वर्षे जातील, आणि कवच असलेली खोली तर महागच राहील. तोवर माझ्या मते आपल्या संस्थांनी ईईजी आणि एफनिर्सच्या टोप्यांवर लक्ष द्यावे. खुले आराखडे उपलब्ध आहेत. थ्रीडी छपाई करून देणारे व्यवसाय पुणे, मुंबई, बंगळूर सगळीकडे आहेत. आपल्या फॅशन आणि औद्योगिक रचनेच्या विद्यार्थ्यांना केस, वेणी, कापड आणि ताण यांची समज मेंदूशास्त्रज्ञांपेक्षा जास्त आहे. त्यांना प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून बसवावे. प्रत्येक शोधनिबंधात टोपी न बसल्याने किंवा केसांमुळे किती जण वगळले हे नोंदवणे नियतकालिकांनी सक्तीचे करावे. एवढ्या एका आकड्याने बरेच काही उघड होईल.

मापांचा मात्र मोठा खड्डा आहे. अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ मध्ये देवकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक काढले. त्यात प्रौढांच्या डोक्याची लांबी, रुंदी, घेर आहेत, आणि आजही डिझाइनर तेच उघडतात. टोपी बेतायला मात्र एवढे पुरत नाही. कानाची उंची, मागच्या उंचवट्याचा आकार, टाळूची वक्रता अशी त्रिमितीय मापे लागतात, तीही एक, दोन, पाच, दहा वर्षांच्या मुलांची, शहरातली आणि खेड्यातली. प्रकाश-स्कॅनर हातात मावतो आणि एका डोक्याला काही मिनिटे पुरतात. अंगणवाड्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांपासून हे काम सुरू करता येईल.